घर पुण्यात, बेस मुंबईत: मधले तास कुणाच्या खात्यात?

दहा_अठ्ठावीस

नमस्कार मंडळी,

हा धागा काढू की नको यात दोन महिने गेले. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कृपया कुणी विचारू नये.

मी ए-३२० या प्रवासी विमानावर कॅप्टन आहे. घर कोथरूडला, घरात आईवडील, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. बेस मुंबई. ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: बेस म्हणजे कंपनीने तुमच्या नावापुढे लिहिलेलं शहर. ड्यूटी तिथून सुरू होते, तिथेच संपते. इतर कुठल्याही गावी रात्र पडली तर कंपनी हॉटेल देते, ने-आण करायला गाडी देते. बेसच्या गावी हॉटेल मिळत नाही, कारण कागदोपत्री तुमचं घर तिथेच असतं. पुणे बेस मिळावा म्हणून मी पाच वर्षांपूर्वी अर्ज दिला. रांग मोठी, जागा थोड्या. लोहगावचा रनवे हवाई दलाचा आहे, नागरी विमानांना मिळणाऱ्या वेळा मोजक्या, त्यामुळे रात्री इथे मुक्कामाला उभी राहणारी विमानंही मोजकीच. सकाळी जितकी विमानं इथून निघणार, त्याच बेताने इथे वैमानिक ठेवणार. नवं टर्मिनल २०२४ च्या जुलैत सुरू झालं तेव्हा आम्हा पुणेकरांना वाटलं होतं की आता बेस वाढेल. पण टर्मिनल मोठं झालं म्हणून रनवेच्या वेळा वाढत नाहीत.

सहा वर्षं मी पुणे-मुंबई ये-जा करतोय. बहुतेक वेळा स्वतःच्या गाडीने.

गेल्या पावसाळ्यात एका रात्रीच्या ड्यूटीनंतर पहाटे साडेपाचला मुंबईत उतरलो. कागदपत्रं उरकली, गाडी काढली, पाऊस होता. खालापूरचा टोलनाका ओलांडल्याचं आठवतं. त्यानंतर आठवतो तो थेट कामशेतचा बोगदा. मधे अख्खा बोरघाट आहे. आडोशीचा बोगदा, अमृतांजन पुलाची जागा, डाव्या लेनमधली ट्रकांची रांग, लोणावळ्याचा फाटा. यातलं काहीही आठवत नाही. गाडी मीच चालवत होतो. तळेगावला बाजूला थांबलो आणि हात इतके थरथरत होते की बायकोला फोनही लावता येईना.

विमानात शेजारच्या सीटवर दुसरा वैमानिक असतो, प्रत्येक गोष्ट दोघं मोठ्याने बोलून करतो. घाटात माझ्या शेजारी कुणीच नव्हतं.

आता हिशेब मांडतो. समजा आज ड्यूटी दुपारी चारला संपली आणि उद्याचं रिपोर्टिंग पहाटे पाचला आहे. कागदावर १३ तास विश्रांती, नियमात चोख बसते. साडेचारला विमानतळाबाहेर पडलो की मानखुर्द, वाशी, पनवेल, घाट करत कोथरूडला साडेआठ. उद्या पाचला हजर व्हायचं तर रात्री एकला घर सोडायचं. घरात उरले साडेचार तास. त्यात जेवण, मुलीचा अभ्यास, आईच्या गोळ्या. डोळे मिटले तर तीन तास. घर ते विमानतळ हा प्रवास ड्यूटीत धरत नाहीत. त्याला विश्रांती म्हणावं, तर स्टिअरिंग हातात धरून कसली विश्रांती? हे तास कुठेच लिहिले जात नाहीत.

पुण्यात राहून मुंबई, दिल्ली, बंगळूर बेसला जाणारे इथे बरेच असतील. तुम्ही हे कसं जमवता? वैमानिक नसलेल्या पण रोज मुंबई करणाऱ्यांचे अनुभवही हवेत.

---

पासवाला_शिवाजीनगर

दादा, वाचून अंगावर काटा आला. आधी एक विनंती. रात्रीच्या ड्यूटीनंतर गाडी चालवू नका. बाकी सगळं नंतर.

मी एकोणीस वर्षं पासवर मुंबई करतो. सकाळी ६:०५ ची सिंहगड किंवा ७:१५ ची डेक्कन क्वीन, परत संध्याकाळी ५:१० ची क्वीन. तुमच्या पहाटेच्या रिपोर्टिंगला यातली एकही उपयोगाची नाही हे कळतं. पण दुपारनंतरची ड्यूटी असेल तेव्हा सिंहगड पकडा. दादरला उतरा, पश्चिमेला चालत मेट्रो ३ चं दादर स्टेशन गाठा, तिथून थेट विमानतळाचं टी-२. ही मेट्रो होण्याआधी आम्ही सगळे दादर-अंधेरी लोकल आणि पुढे रिक्षा करायचो, त्यात जीव जायचा. गाडीत तीन तास डोळे मिटून बसता येतं हेच मोठं आहे. परतताना कर्जतला घाट चढायला मागून बँकर इंजिन लागतं तेव्हा जाग येते, वडा घ्यायचा, परत झोपायचं.

परतीला विमान दुपारी उतरलं तर क्वीन. आरक्षण आधी काढून ठेवा, नाही जमलं तर रद्द करा. रद्द करण्याचे पैसे घाटातल्या एका डुलकीपेक्षा स्वस्त आहेत.

---

वाकड_पूल

रात्री उशिराचे पर्याय: शिवनेरी दादरहून मिळते. वाकड पुलाजवळ उतरून पुढे रिक्षा. माझा मोठा भाऊ केबिन क्रू होता, बेस मुंबई, पाच वर्षं हेच केलं. त्याचा नियम एकच होता, युनिफॉर्म अंगावर असताना स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

---

उतरलेला_कमांडर

मी आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालो, सध्या विमाननगरला असतो. धागा काढलात ते फार चांगलं केलंत. आमच्या पिढीत हे बोलायची सोय नव्हती. 'दमलोय' म्हणणं म्हणजे 'मला जमत नाही' म्हणणं, असाच अर्थ घेतला जायचा.

तुम्ही विचारलेला 'कुणाच्या खात्यात' हा प्रश्न जगाने एकदा फार मोठी किंमत मोजून विचारलेला आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला नेवार्कहून निघालेलं एक क्यू-४०० विमान अमेरिकेत बफेलोजवळ पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवर एक, अशी ५० माणसं गेली. सहवैमानिक सिएटलजवळ आईवडिलांकडे राहायची आणि बेस होता नेवार्क. म्हणजे देशाचं एक टोक ते दुसरं टोक. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून मेम्फिसमार्गे रात्रभर प्रवास करून आली होती. कॅप्टनचं घर फ्लोरिडात, त्याने रात्र विमानतळावरच्या क्रू-रूममध्ये काढली होती. अपघाताचं मूळ कारण स्टॉलच्या, म्हणजे पंखांचा हवेतला आधार सुटण्याच्या, इशाऱ्याला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हेच ठरलं. दोघंही थकलेले असावेत असं चौकशीत दिसलं, पण त्या थकव्याचा नेमका वाटा किती, हे मोजता आलं नाही. मला त्यातलं हेच सगळ्यात भीतिदायक वाटतं. थकव्याची खूण ढिगाऱ्यात सापडत नाही.

त्यानंतर अमेरिकेत वैमानिकांच्या ये-जा करण्यावर स्वतंत्र अभ्यास झाला, २०११ मध्ये अहवाल आला. २०१४ च्या जानेवारीपासून नवे ड्यूटी नियम लागू झाले. त्यातही अमुक तासांपेक्षा लांब राहायचं नाही असं बंधन घातलं नाही. प्रत्येक उड्डाणाआधी 'मी ड्यूटीस योग्य आहे' हे वैमानिकाने स्वतः सांगायचं, ही जबाबदारी मात्र नियमात लिहिली. युरोपातलं मार्गदर्शन जास्त स्पष्ट आहे: घर ते बेस प्रवास नेहमीच ९० मिनिटांपेक्षा जास्त होत असेल, तर बेसजवळ तात्पुरत्या राहण्याची सोय करण्याचा विचार करावा.

कोथरूड ते सहार, म्हणजे मुंबई विमानतळ, नव्वद मिनिटांत कधीच होत नाही. म्हणजे तुमचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, कॅप्टन. बेसजवळ एक खाट हवी.

---

बाणेर_सात

सरळ प्रश्न विचारतो, राग मानू नका. पगार चांगला असतो. मुंबईत घर भाड्याने घेऊन कुटुंबासह का राहत नाही? बँकेत, सरकारी नोकरीत, पोलिसात लोक बदलीच्या गावी जातातच की. माझे वडील एसटीत होते, आमच्या चार शाळा झाल्या.

---

उंबरठा

बाणेर_सात, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा नवरा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. लग्नानंतर नऊ वर्षांत त्याचा बेस तीनदा बदलला: कोलकाता, दिल्ली, आता मुंबई. बँकेत बदली झाली की निदान तीन वर्षं तिथे राहणार हे ठाऊक असतं. इथे कंपनीने विमानं दुसरीकडे हलवली की एका ईमेलवर बेस बदलतो. आम्ही दिल्लीला एकदा बिऱ्हाड हलवलं होतं. द्वारकेला घर घेतलं, मुलाला शाळेत घातलं, शाळेची फी वर्षाची भरली. अकराव्या महिन्यात बेस मुंबई. त्यानंतर मी ठरवलं की माझं घर पुण्यातच राहील आणि तो येईल-जाईल.

माझी नोकरी हिंजवडीत आहे. सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, त्यांचे डॉक्टर, रिक्षावाले काका, शेजारी, सगळं इथे आहे. तो महिन्यातले निम्मे दिवस हवेत किंवा हॉटेलात. मग मुंबईत मी कुणाच्या भरवशावर राहणार? बदलीच्या गावी गेलेल्या बँकवाल्याची बायको संध्याकाळी नवऱ्याची वाट बघते. आम्ही रोस्टरची, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाची वाट बघतो.

आणि एक गोष्ट सांगते, ती बाहेरच्यांना माहीत नसते. त्याला कधी कधी पुण्याचा नाइट लेओव्हर पडतो. म्हणजे मुंबई बेसचा माणूस पुण्यात आला, तर कंपनी त्याला पुण्यातच हॉटेल देते! विमाननगरला खोली असते, घर सिंहगड रोडला. कळवून तो घरी येतो. रात्री अकराला दारात बेल वाजते आणि मुलगा झोपेतून उठून धावत येतो. पहाटे चारला हॉटेलच्या दारातून गाडी निघते, म्हणून तीनला त्याला घर सोडावं लागतं. पहिली दोन वर्षं मला या रात्रींचा फार आनंद व्हायचा. आता मीच त्याला सांगते की हॉटेलात झोप, आम्ही तुला भेटायला येतो. मी मुलाला घेऊन हॉटेलच्या खाली येते, तासभर बसतो, आणि आम्ही परत जातो. त्याची सहा तासांची झोप आम्हाला त्या भेटीपेक्षा महत्त्वाची आहे, हे मुलालाही कळायला लागलंय.

दहा_अठ्ठावीस, तुमच्या बायकोला हा धागा वाचायला द्या. घाटातली गोष्ट त्यांना सांगितली आहे का?

---

दहा_अठ्ठावीस

उंबरठाताई, नाही सांगितली. फोन लागला तेव्हा 'पावसामुळे उशीर होतोय' एवढंच म्हणालो. आज सांगेन.

बाणेर_सात, राग मुळीच नाही. माझंही तेच, आईवडील पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना मुंबईच्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवण्यापेक्षा मी चार तास बसेन, असं मनाने धरलं होतं.

---

उजवी_सीट

मी दिल्ली बेसचा, घर निगडी. पुणे-दिल्ली विमान दोन सव्वादोन तासांचं, म्हणजे कॅप्टन, कधी कधी तुमच्यापेक्षा मी लवकर पोचतो. पण आमचं दुखणं वेगळं आहे: सब्लो.

माहीत नसलेल्यांसाठी: कर्मचाऱ्यांना सवलतीचं तिकीट मिळतं, पण ते 'जागा उरली तर' या अटीवर. गेटवर उभं राहायचं, सगळे प्रवासी चढले की मग आपलं नाव. रविवारी संध्याकाळची पुणे-दिल्ली विमानं भरलेली असतात. सोमवारी सकाळी सातचं रिपोर्टिंग असेल आणि रविवारची तिसरी फ्लाइटही डोळ्यासमोर निघून गेली, तर पोटात खड्डा पडतो. मी एकदा निगडीहून टॅक्सीने मुंबईला गेलो, तिथून रात्री अडीचच्या विमानाने दिल्ली. पोचल्यावर सरळ आजारी असल्याचं कळवलं, कारण त्या अवस्थेत बसणं योग्य नव्हतं. पुढचे आठ दिवस सगळ्यांना उत्तरं देत होतो.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. ड्यूटीच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत पुणे सोडायचं, संध्याकाळच्या विमानावर भिस्त नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं धरून एक अख्खा दिवस जादा ठेवायचा. आणि महत्त्वाच्या दिवशी सब्लोच्या भानगडीत न पडता स्वतःच्या पैशाने पक्कं तिकीट काढायचं. महिन्याला खर्च होतो, मी तो घरभाडं म्हणूनच धरतो.

लोहगावची आणखी एक गोष्ट आठवते. २०२० च्या ऑक्टोबरपासून रनवेच्या कामासाठी रात्री आठ ते सकाळी आठ विमानतळ बंद असायचं, आणि २०२१ मध्ये १६ ते २९ ऑक्टोबर पूर्ण बंद होतं. त्या चौदा दिवसांत मी घरी आलोच नाही. बेसपासून लांब राहणाऱ्याचं आयुष्य किती गोष्टींवर टांगलेलं असतं, ते तेव्हा कळलं.

---

रात्रपाळी

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे जागरणाचा अभ्यास आणि अनुभव दोन्ही आहेत. थोडं शरीराबद्दल लिहितो.

पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचं घड्याळ सगळ्यात खाली असतं. त्या वेळात मनाच्या बळावर जागं राहता येतं, पण प्रतिसाद मंदावतो आणि तो मंदावलाय हे स्वतःला कळत नाही. सलग १७ तास जागं असलेल्या माणसाची चाचण्यांमधली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी होते, हे प्रयोगांत दिसलं आहे. तुमच्याकडे उड्डाणाआधी ब्रेथ अ‍ॅनालायझर असतो, शून्याच्या वर काही चालत नाही. जागरण फुंकरीत दिसत नाही.

घाटातला तुमचा अनुभव हा मायक्रोस्लीपचा असणार. काही सेकंदांच्या डुलक्या, डोळे कदाचित उघडेच. शंभराच्या वेगाने गाडी चार सेकंदांत शंभर मीटरहून जास्त जाते.

'गाडीत वीस मिनिटं झोप काढून निघतो' म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना. डुलकी उपयोगी आहे, पण उठल्याउठल्या गाडी सुरू करू नका. जाग आल्यावर मेंदू काही वेळ जड असतो. २२ मे २०१० च्या मंगळूर अपघातात १५८ माणसं गेली. कॅप्टन उड्डाणातला तासाहून जास्त वेळ झोपेत होता हे व्हॉइस रेकॉर्डरवरून कळलं, आणि झोपेतून उठल्यानंतरच्या या जडपणाचा उल्लेख चौकशी अहवालात आहे. उठा, तोंड धुवा, फूड मॉलमध्ये चालून या, वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. खरं तर रात्रभर जागल्यानंतर तेही पुरेसं नाही. झोपूनच निघा.

---

चिंचवडची_आई

माझी मुलगी बारामतीला शिकली, दोनशे तास झाले, परवाना हातात आला, टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमानाचं प्रशिक्षणही झालं. पुढच्या महिन्यात नोकरीवर रुजू होतेय, बेस मुंबई मिळालाय. घरात सगळे म्हणताहेत, मुंबई म्हणजे काय, पलीकडच्या खोलीत! घरून जाईल-येईल. तिचे बाबा तर गाडी घ्यायला निघालेत. हा धागा वाचून काल रात्री मला झोप लागली नाही.

तिने काय करावं? आणि नाही पटलं तर पुणे बेस असलेल्या दुसऱ्या कंपनीत लगेच जाता येतं का?

---

उजवी_सीट

काकू, लगेच जाता येत नाही. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शिवाय प्रशिक्षणाचा बाँड असेल तर तो वेगळा. सही करण्याआधी बाँडची मुदत, रक्कम आणि बेस बदलण्याबद्दलचं कलम, या तीन गोष्टी वकिलाला दाखवा.

आणि गाडी घेऊ नका. ते पैसे मुंबईतल्या खोलीच्या डिपॉझिटला ठेवा. पहिलं वर्ष तिला लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण असणार, रोज नवं शिकणं, परीक्षकासमोर बसणं. त्यात झोपेचं खोबरं झालं तर पोरीचं नुकसान होईल. मरोळ, चकाला, विलेपार्ले पूर्व या भागात मुली मिळून फ्लॅट घेतात. स्टँडबायच्या दिवशी तर बेसलाच असावं लागतं, आमच्याकडे बोलावल्यापासून दीड तासात हजर व्हावं लागतं. निगडीहून किंवा चिंचवडहून ते होणारच नाही.

---

उंबरठा

ताई, सुट्टीला घरी यायचं आणि कामाला मुंबईहून जायचं, एवढं तिला पहिल्या दिवसापासून सांगा. घरच्या डब्याची काळजी करू नका, शिवनेरीने डबा पाठवता येतो म्हणून आम्ही सुरुवातीला पाठवायचो, मग त्यानेच कुकर घेतला.

---

उतरलेला_कमांडर

नवीन नियमांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण लांब राहणाऱ्याला त्याचा खरा उपयोग आहे. डीजीसीएने २०२४ च्या जानेवारीत ड्यूटीचे नियम बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली आणि त्यात दोन पूर्ण रात्री बसायला हव्यात. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत नेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. अंमलबजावणी दोन टप्प्यांत, २०२५ चा जुलै आणि नोव्हेंबर. डिसेंबरमध्ये देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली ते सगळ्यांनी पाहिलं, आणि रात्रीच्या काही तरतुदींना तात्पुरती सूट दिली गेली. लोकांचे फार हाल झाले. त्या दिवसांत टीव्हीवर 'वैमानिकांचे लाड' असा सूर ऐकला तेव्हा मला वाईट वाटलं. ४८ तास हे लाड नाहीत. छत्तीस तासांतून पुण्याला जाण्या-येण्याचे आठ तास काढा, दोन्ही बाजूंची तयारी काढा, मग घरात एकच रात्र नीट मिळायची. आता दोन मिळतात. म्हणून माझं कॅप्टनला सांगणं आहे की ये-जा आठवड्याला एकदाच करा. मधल्या दिवसांत घरचा मोह आवरा.

दुसरं, थकव्याचा रिपोर्ट लिहा. दमलेल्या वैमानिकाने उडू नये हे नियमातच आहे. तोंडी सांगितलेलं विरून जातं, लिहिलेलं राहतं. पंधरा जणांनी एकाच पहाटेच्या रोस्टरबद्दल लिहिलं तर ते रोस्टर बदलतं, हे मी पाहिलं आहे.

---

पासवाला_शिवाजीनगर

नवी मुंबईचं विमानतळ २०२५ च्या २५ डिसेंबरपासून सुरू झालंय. तिथे बेस नाही का मिळणार? पुणेकरांना ते सोयीचं. द्रुतगती मार्ग संपला की थोडंच पुढे. वाशीची खाडी, मानखुर्द, चेंबूरचा जोडरस्ता, सगळं टळतं.

---

दहा_अठ्ठावीस

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितोय, कारण मधे बरंच काही झालं.

त्याच रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मग आतून वही घेऊन आली आणि म्हणाली, पुढच्या महिन्याचं रोस्टर दाखव. आम्ही दोघांनी रोस्टरच्या शेजारी झोपेचा रकाना आखला. ड्यूटी कधी संपते, उशीला डोकं कधी टेकतं, कधी उठायचं. पहिल्या आठवड्यातच तीन ठिकाणी तिने लाल पेनाने गोल केला. सहा वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं, आणि प्रत्येक उड्डाणाआधी इंधनाचा हिशेब मात्र किलोपर्यंत करतो.

वडिलांनाही सांगितलं. मला वाटलं होतं ते खचतील. ते एवढंच म्हणाले, "आमच्यासाठी येतोस आणि वाटेत तुझंच काही झालं तर आम्ही काय करायचं?"

मरोळला एक खोली घेतली आहे. दोन फर्स्ट ऑफिसर आणि मी, तिघांत. दोघांचे बेस मुंबईच, घरं नाशिक आणि कोल्हापूर. एका वेळी दोघांपेक्षा जास्त कुणी नसणार, प्रत्येकाची गादी वेगळी ठेवायची असं आधीच ठरवलंय. पलीकडे मेट्रोचं काम चालू नाही ना, हे रात्री बाराला जाऊन पाहून आलो. खिडक्यांना जाड काळे पडदे लावून घेतले, कारण रात्रीच्या ड्यूटीनंतर दिवसा झोपायचं आहे.

गाडी यापुढे मुंबईला नेणार नाही. दुपारनंतरचं रिपोर्टिंग असेल तर सिंहगड, नाही तर आदल्या दिवशी निघून मुक्काम. रात्रीच्या ड्यूटीनंतर आधी मरोळला झोप, मग दुपारी पुणे.

नवी मुंबई बेससाठी अर्ज दिला आहे. पुण्याचा जुना अर्जही मागे घेतलेला नाही. आमच्या कंपनीची तिथून किती विमानं निघतील यावर सगळं अवलंबून आहे, तरी दिला.

थकव्याचा रिपोर्टही लिहिला, घाटाचा नाही, त्या आठवड्यात लागोपाठ पडलेल्या पहाटेंचा. उतरलेला_कमांडर सर, तुमचं वाक्य डोक्यात होतं म्हणून हात चालला.

चिंचवडच्या काकू, तुमच्या मुलीला माझा निरोप द्या. मुंबईत उतरल्यावर खोली शोधायला मदत लागली तर या धाग्यावरच लिहा, मरोळच्या इमारतीत खालच्या मजल्यावर मुलींचा एक फ्लॅट आहे, दोघी क्रू आहेत, मी विचारून ठेवलंय.

---

चिंचवडची_आई

दादा, तुमचे फार उपकार. तिच्या बाबांना धागा वाचून दाखवला. गाडीचं बुकिंग रद्द केलं. शनिवारी आम्ही तिघं सिंहगडने मुंबईला जाऊन खोली बघतो.

---

दहा_अठ्ठावीस

शनिवारी मी मुंबईतच आहे, काकू. दुपारी दोननंतर मोकळा आहे. त्याआधी झोपलेला असेन, म्हणून फोन दोननंतर करा.